मासा पलीकडे आहे

देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, हे आम्ही शाळेत छाती फुगवून पाठ केलं होतं. त्यातल्या प्रत्येक धरणाच्या काठावर एक माणूस उकिडवा बसलेला असतो आणि कुणी न विचारताच तो "हितं नाय लागायचा मासा, पलीकडं जावा" असं सांगतो, ही माहिती मात्र भूगोलाच्या पुस्तकात नव्हती. ती मला दाजींमुळे मिळाली.

दाजी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा जो तो विचारायचा, "आता काय करणार?" उत्तरादाखल दाजींनी कार्बन फायबरचा रॉड विकत घेतला. सोबत चकचकीत रीळ, गळांची डबी आणि तंगूस. तंगूस इतका बारीक, की माशाला दिसू नये. तो ताईलाही दिसला नाही. हॉलमधून चहाचा ट्रे आणताना ती त्यात अशी अडकली, की दाजींच्या गळाला लागलेलं पहिलं सावज म्हणून तिचीच नोंद करावी लागेल. त्यानंतर घरातला रॉड घराबाहेर निघाला आणि एकट्यानं जायचं नाही या अटीमुळे माझ्याही मागे लागला.

आमिषाचं प्रकरण वेगळंच. शेंगदाण्याची पेंड, कणीक, भाजलेला रवा, वेलची, बडीशेप, चिमूटभर हिंग आणि वर मध. दाजी परातीत ते मळायला बसले की सगळ्या सोसायटीत कुणाकडे तरी मंगळागौर असल्यासारखा वास सुटे. "रोहू फार चोखंदळ असतो, मेव्हणे," दाजी सांगत. मला ताईकडे इतक्या वर्षांत वेलची घातलेलं काही मिळालेलं नाही, पण ते असो.

सुरुवात पवईपासून केली, कारण दाजींच्या बँकेतले एक स्नेही तिथल्या गळवाल्यांच्या संस्थेचे जुने सभासद होते. पवईचा तलाव इंग्रजांनी १८९० च्या सुमारास मुंबईला पाणी पाजायला बांधला. पाणी पिण्याजोगं नाही हे पुढे कळलं, तेव्हा ते माशांना देण्यात आलं. आता भोवताली काचेच्या इमारती, पाण्यावर जलपर्णीची गादी आणि त्या गादीत मगरी. होय, खऱ्या मगरी. मुंबईच्या मधोमध राहतात आणि भाडं देत नाहीत, त्यामुळे मला त्यांच्याविषयी आदरच वाटला. दाजींना वेगळं वाटलं असावं. त्यांनी घडीची खुर्ची आधी हातभर मागे घेतली, मग वावभर, आणि तासाभरात ते इतके मागे आले की फेकलेला गळ पाण्यापर्यंत पोचेना. शेवटी तिथल्या रखवालदाराला दया आली. "साहेब, इथं काय ठेवलंय? पवना धरणावर जा," तो म्हणाला. पुढच्या सगळ्या हिंडण्याची कुंडली त्या क्षणी मांडली गेली.

पवना धरण फार देखणं आहे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना असे चार किल्ले वाकून त्या पाण्यात तोंड पाहतात. काठावर मात्र किल्ल्यांहून जास्त तंबू. प्रत्येक तंबूला दिव्यांची माळ, प्रत्येक माळेखाली शेगडी, प्रत्येक शेगडीवर मसाला चोपडलेली कोंबडी. मासा आवाजाला बिचकतो, हे दाजींनी वाचलं होतं. शेजारच्या तंबूतल्या मंडळींनी ते वाचलेलं नसावं. त्यांचा स्पीकर रात्री अडीचपर्यंत ज्या ताकदीनं चालला, त्यात पवनेचा मासा थेट मुळशीला गेला असता तर त्याला दोष देता आला नसता.

दाजींचं खरं स्वप्न खडशी. इंग्रजीत महसीर म्हणतात तो मासा. दख्खनच्या नद्यांचा हा पैलवान. मोठे खवले, मिशाळ तोंड आणि गळाला लागला की ताकद अशी, की रॉड कुणी धरलाय आणि ओढलं कोण जातंय याचा संभ्रम पडावा. "मेव्हणे, १८३९ साली कर्नल साईक्सनं या माशाची शास्त्रात नोंद केली. कुठला मासा पाहून? आपल्या मुळा-मुठेतला!" हे सांगताना दाजींचा आवाज भरून येतो. आज कर्नलसाहेब संगम पुलाखाली उतरले, तर नाकाला रुमाल लावून दुसऱ्याच एखाद्या शास्त्रावर ग्रंथ लिहितील. पण खडशी अगदीच वाऱ्यावर नाही. लोणावळ्याला वळवणच्या तळ्याकाठी टाटांच्या वीज कंपनीनं तिच्या पैदाशीचं केंद्र काढलं, माद्यांची अंडी काढून पिल्लं वाढवली आणि ती देशभर वाटली. लोणावळ्याची पिल्लं पार कावेरीत जाऊन नांदतायत. म्हणजे पुण्याची मुलगी बंगळुराकडे स्थायिक होण्याची रीत आयटीवाल्यांच्या आधी खडशीनं पाडली.

पवनेला खडशीनं दर्शन दिलं नाही. सकाळी एक गुराखी येऊन बराच वेळ आमच्या गळाच्या तरंगत्या बुचाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मुळशीला गेलाय का कधी?" मुळशीचं थोडक्यात सांगतो. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह लढवला, तिथे आम्हाला धुकं, जळवा आणि कांदाभजी मिळाली. भज्यांच्या गाडीवाल्यानं मान हलवून निकाल दिला : "मासा खायाचा असंल तर उजनी. बाकी सगळं बघायचं."

उजनीला जाताना धरणाच्या भिंतीकडे जायचं नसतं. ती दूर माढा तालुक्यात. गळवाल्यानं सोलापूर रस्त्यानं भिगवणला उतरायचं, पुण्याहून शंभरेक किलोमीटर, आणि तिथून कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूला पाण्यावर जायचं. भीमेचं हे पाणी इतकं पसरलंय की समोरचा काठ आहे की आपली समजूत, हे कळत नाही. हिवाळ्यात त्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे तोफेएवढ्या लेन्सा घेऊन पुणेकर. दोन्ही थवे चिखलात एका पायावर उभे असतात.

उजनीचा हिशेब जगावेगळा आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. हा मृतसाठा साठ्यात धरायचा नाही, पण वापरायचा. त्यामुळे उन्हाळ्यात पेपरात बातमी येते, 'उजनी उणे तीस टक्के.' शून्याच्या खालीही धरणात पाणी असतं आणि पंढरपूरपासून सोलापूरपर्यंत सगळे त्यावर डोळा ठेवून असतात. मला हे गणित समजायला वेळ लागला. दाजी बँकेतले. "ओव्हरड्राफ्ट," ते म्हणाले आणि खुर्ची मांडून बसले.

बुचाकडे बघत बसणं हा संसर्गजन्य रोग आहे. पहिल्या दहा मिनिटांत एक सायकलवाला पोरगा थांबला. मग शेळ्या घेऊन एक आजी. मग एक निवृत्त गुरुजी, ज्यांनी मासा का लागत नाही याची कारणं वाऱ्याची दिशा, अमावास्या आणि सध्याचं सरकार अशा चढत्या क्रमानं सांगितली. पाण्यातलं बूच तेवढं निवांत होतं.

दाजींना मात्र धीर सोडणं माहीत नाही. "उजनीत चिलापी उदंड," त्यांनी मला समजावलं. हा मूळचा आफ्रिकेचा मासा १९५२ साली भारतात आला आणि सरकारी पाहुण्यासारखा परत गेलाच नाही. नर तळाच्या चिखलात खड्डे खणून घर बांधतात, मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लंसुद्धा काही दिवस तोंडातच सांभाळते, आणि तेवढा काळ तिचा उपास असतो.

"मग आज का लागत नाही?" मी विचारलं.

"आज सगळ्या बाळंतिणी असतील."

"आणि नर?"

दाजींनी पाण्याकडे बघितलं. "बांधकामावर."

दुपारच्या सुमारास एका पत्र्याच्या होडीतून एक भोई मामा काठाला लागले. पायाशी ओलं जाळं, डोक्याला टॉवेल. त्यांनी रॉड पाहिला, रीळ पाहिलं, मधाचा वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "पाव्हणं, हितं कशाला बसलाय? हितं म्हशी धुत्यात."

"मग मासा कुठाय, मामा?"

मामांनी पाण्याकडे हात केला आणि आमच्या पुढ्यात चक्क एक गाव उभं केलं. त्या वाळक्या बाभळीच्या सरळ रेषेत जुनी वेस. तिच्या आत पाटलाच्या वाड्याचं जोतं, त्याच्या कपारीत मरळ दबा धरून राहते. पुढं आमराई होती, आता नुसते बुंधे. तिथं जाळं टाकलं तर फाटतं, पण वाम तिथंच. विहीर होती त्या खड्ड्यावर शिंगाळा. देवळाच्या मागच्या अंगाला रोहू. धरणात बुडालेल्या गावाच्या गल्ल्या, त्या गल्ल्यांत कोण राहायचं आणि आता कुठला मासा राहतो, हे मामा एका दमात सांगत होते. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक बघायला गर्दी करतात. मामांना ते बाकीचे महिनेही दिसतं. दाजी वहीत नकाशा काढायला लागले. वेस आणि आमराई काढून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काठावर आहोत आणि हे सगळं दीड-दोन किलोमीटर आत, पाण्याखाली आहे. रॉड नऊ फुटी.

"मग आता त्या वेशीपाशी मासा असंल?" दाजींनी शेवटची आशा धरली.

"आता?" मामा हसले. "आता कुठला? पहाटं धरला, लिलाव झाला, पुण्याला गेलाबी."

आम्ही पुण्याहूनच आलो होतो.

भिगवणच्या बाजारात दुसऱ्या दिवशी उजाडताना गेलो आणि मग कुठे मासे म्हणजे काय ते दिसलं. ओल्या फरशीवर ढीगच्या ढीग. कटला, रोहू आणि मृगळ एकाच घरातले चुलतभाऊ असावेत तसे शेजारी पडलेले. पाण्यातही ते तीन मजली चाळीसारखे राहतात : वरच्या मजल्यावर मोठ्या डोक्याचा, वर वळलेल्या तोंडाचा कटला, मधल्यावर रोहू, तळमजल्यावर चिखल चिवडणारा मृगळ. म्हणून तर एकाच तळ्यात तिघांचं बी सोडतात. कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. चिलापीचे क्रेट किती ते मोजायचं कारण नव्हतं. आडत्या एका ढिगापुढून दुसऱ्या ढिगापुढे सरकत एका श्वासात भाव चढवत होता. कुणी नुसती भुवई उचलली तरी बोली लागत होती. दाजींनी घाम पुसायला हात वर केला आणि मी तो झटकन खाली ओढला, नाहीतर पंधरा किलो शिंगाळा आमच्या नावावर फुटला असता.

एका कोपऱ्यात टबात मरळ जिवंत. हा मासा वरून हवाही घेतो, त्यामुळे बोटभर पाण्यातही तास न् तास तग धरतो आणि बाजारात जिवंतच विकला जातो. काळसर, सापासारख्या डोक्याचा, नुसता तेलकट स्नायू. एक मावशी विळीवर पाय देऊन बसल्या होत्या. त्यांनी टबात हात घातला, मरळ निसटली, फरशीवरून सरळ दाजींच्या बुटांकडे निघाली. दाजी पवईच्या सवयीनं मागे सरकले. मावशींनी जागचं न हलता हाताला राखुंडी लावली, कल्ल्यामागे नेमकी पकड घेतली, डोक्यात एक ठोका, आणि मग पोट, खवले, तुकडे, सगळं आमचं तोंड उघडं असेपर्यंत झालं. "काय वो, रॉड घेऊन आला व्हता म्हनं तुमी?" मावशी म्हणाल्या. बातमी कुंभारगावाहून आधीच पोचली होती.

दुपारी महामार्गालगतच्या एका खानावळीत जेवलो. भिगवणचा मासा खायला लोक पुणे-सोलापुराहून गाड्या काढून येतात, आणि का येतात ते पहिल्या घासाला कळतं. चिलापी चिरा देऊन रव्यात तळलेली, मरळीचा तांबडा रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा. मरळीला बारीक काटे फार नाहीत, मांस घट्ट, रस्सा असा की दाजी पहिली दहा मिनिटं बोललेच नाहीत. चिलापीला समुद्राच्या माशाची श्रीमंती नाही, चव साधी. पण काठावरच ताजी तळून मिळाली तर पापलेटची आठवण काढायचं कारण उरत नाही. काढलीच, तर वाढपी ज्या नजरेनं बघतो ती नजर कोकणापर्यंत पुरते.

तेव्हा जाणाऱ्यांसाठी एवढंच. भिगवणला जायचं तर बाजार पहाटे गाठा. मरळ आधी सांगून ठेवा, कारण ती उशिरा येणाऱ्याची वाट बघत नाही. पक्षी बघायला होडी घेतलीत तर होडीवाल्याला बुडालेल्या गावाविषयी विचारा, तो भाड्यापेक्षा जास्त देईल. आणि गळ टाकायचाच असेल, तर आधी तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी काढा. ठेका त्यांचा, मासा त्यांचा, आणि तो नेमका कुठल्या वेशीत राहतो हेही फक्त त्यांनाच माहीत आहे.