कृषिप्रधान लेखाची मशागत

मुक्त ज्ञानकोशातला भारतीय शेतीवरचा लेख सुधारणे हे बारमाही काम आहे. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या पहिल्या वाक्याला संदर्भ कोणी मागत नाही. पाठोपाठ दूध, डाळी, ताग यांतला जगातला पहिला क्रमांक येतो आणि शेजारी हिरव्यागार शेतातला ट्रॅक्टर. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरही नाही. एवढ्यात तो ट्रॅक्टर वळवायचा कुठे, हे चित्राखाली कोणी लिहीत नाही. २०११च्या जनगणनेत शेतकरी ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी. मजुरांच्या वाट्याला एक ओळ, तीही ‘संदर्भ हवा’ शिक्क्यासकट. चर्चापानावर मात्र कोणत्या राज्याचा आंबा आधी लिहायचा यावर हातघाई. संपादन सर्वांना खुले आहे. कोणीतरी निदान मजुरांचा आकडा भरावा.