चित्र उसनं, गोष्ट घरची

रत्नागिरीत गोष्टी रचणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. एस्टीच्या थांब्यावर घटकाभर बसा. कुणाच्या तरी मेव्हण्याला वाटेत दिसलेला बिबट्या मांजराएवढा सुरू होतो आणि गाडी येईपर्यंत म्हशीएवढा होतो. हे सांगणाऱ्याच्याच मुलाला मात्र वहीत गोष्ट लिहायला सांगितली, की ‘एक गाव होते’ एवढं लिहून तो पेनचं टोपण चावत बसतो. मग त्या गावात एक लाकूडतोड्या येतो आणि शेवटी तात्पर्य येतं. मधे काही घडतच नाही.

यावर गुरुजींच्या हाती आता एक उपाय आहे. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’नं ८ सप्टेंबर २०१५ रोजी, जागतिक साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथल्या साठ्यातली चित्रं निवडायची, त्यांखाली आपल्या मराठीत मजकूर लिहायचा, की झालं पुस्तक. पैसे पडत नाहीत. फक्त चित्रकाराचं नाव द्यायचं. दुसऱ्याचं घ्या, पण सांगून घ्या, हा नियम परीक्षेत बसणाऱ्या मुलांना भलताच उदार वाटतो.

गंमत पुढेच आहे. चित्रात सफरचंदाचं झाड असतं. आंब्याच्या बागेत वाढलेली मुलगी लिहिते, की काकांनी सफरचंदं गवतात पिकत घातली, पेटी भरताना बारकी खाली आणि मोठी वर लावली. चित्रातला मुलगा समुद्राकडे नुसता बघत असतो. मिरकरवाडा बंदरावरच्या पोराला लगेच कळतं, की हा पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायची वाट बघतोय. चित्रकारानं हे काही काढलेलं नसतं. त्यानं न काढलेल्या जागेतच मुलं शिरतात. कोरा कागद ‘सगळं तूच सांग’ म्हणतो, तेव्हा पोर गप्प होतं. चित्र अर्धवट सांगून थांबतं, आणि कोकणातल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं पुरं करायचा मोह कधी आवरलाय?

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांची पोथी समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हे पिंगुळी रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. ही चित्रकथीची परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीत चित्र पानावर गप्प असतं. त्याला बोलतं करायचं काम सांगणाऱ्याचं.

हल्ली संगणक चित्रही काढून देतो, गोष्टही लिहून देतो आणि शेवटी तात्पर्यही जोडतो. मुलाकडे उरतं ते बटण दाबणं. तेवढ्यासाठी शाळेत लेखनाचा तास कशाला हवा? चित्र उसनं घ्यायला हरकत नाही, गोष्ट उसनी घेऊ नये.

तेव्हा सुटीत घरातल्या पोराच्या हातात मोबाइल जाणारच असेल, तर त्यावर एक चित्र उघडून द्या आणि ‘पुढे काय झालं?’ एवढंच विचारा. ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघता येईल. तात्पर्य मात्र अजिबात मागू नका.