सहकुटुंब, सहपरिवार, सवल्हे

गोव्यातल्या चोडण बेटाभोवती कायाक वल्हवत सहकुटुंब वन्यजीव पाहायचे, असा ठराव घरात मंजूर झाला असेल, तर पहिले काम आजोबांकडे सोपवावे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. आजोबांना हा हिशेब पाठ असतो आणि कित्येक वर्षांत त्यांना तो कुणी विचारलेला नसतो.

पेच पुढे आहे. कायाकला पाणी लागते, पक्ष्यांना चिखल. पाणी उतरून तिवरांची श्वासमुळे उघडी पडली, की निवट्या चिखलावर उड्या मारू लागतात, एकच नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे ती हलवत बिळाबाहेर येतात, आणि या सगळ्यांना खायला बगळे. म्हणून भरती ओसरू लागताच निघावे. त्या मुहूर्तावर कुटुंब रायबंदरच्या फेरीधक्क्याजवळ पातळभाजीबरोबर आणखी एकेक पाव मागवत असते. फारच उशीर झाला, तर कायाक गाळात रुतते. निवट्या मात्र अगदी जवळून दिसतात.

आता आसनव्यवस्था. दोघांच्या कायाकमध्ये ताल पुढच्याचा, दिशा मागच्याची. मागे कोण बसणार, हा प्रश्न धक्क्यावरच निकाली काढावा. ‘उजवीकडे!’ म्हणजे उजवीकडे वळायचे की उजव्या बाजूने वल्हे मारायचे, हेही आधीच ठरवावे. कारण उजव्या बाजूने मारले की कायाक डावीकडे जाते. कित्येक संसारांना हे भौतिकशास्त्र ऐन खाडीत समजते. कायाक तेव्हा जागच्या जागी गोल फिरत असते आणि काठावरचा गरी टाकून बसलेला माणूस अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे पाहत असतो.

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळावेत. ‘फोटोत जाडी दिसते’ ही हरकत फेटाळावी.

पक्षी दिसल्यावर उठून उभे राहू नये. कायाकचे नाक म्हणजे बारा वाजले असे धरून ‘खंड्या, दोन वाजता’ असे हळू आवाजात सांगावे. पोरे ही पद्धत लगेच उचलतात. मावशी घड्याळ पाहून ‘अजून साडेदहाच झालेत’ म्हणतात. तोवर खंड्या कांदळवनात गेलेला असतो.

वंचकाबाबत विशेष सूचना. हा मातकट बगळा चिखलाच्या कडेला मान आखडून असा उभा राहतो, की दोन हातांवरूनही नजरेत भरत नाही. उडाला की पंख पांढरेशुभ्र. म्हणजे वंचक दिसतो तो जातानाच, आणि काकांनी तोवर ‘साधा बगळा’ असा निकाल देऊन टाकलेला असतो. निकालावर अपील नाही.

पाणमांजर शोधायचे काम डोळ्यांचे नव्हे, नाकाचे. खाजणाच्या बांधावर माशांच्या खवल्यांनी भरलेली त्याची विष्ठा सापडते आणि तिचा दर्प लपत नाही. आत्याने नाकाला ओढणी लावताच वल्ही थांबवून गप्प बसावे. गप्प बसणे, हा या सहलीतला सर्वांत अवघड व्यायाम होय.

मुले मगरीचा हट्ट धरणारच. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवा कालव्यात मगरी आहेत. जात गोड्या पाण्याची, पण त्यांनी मचूळ पाणी गोड मानून घेतले आहे. आसपासच्या काही गावांतले शेतकरी पौषात चिखलाची मगर घडवून पुजतात. त्या प्रथेला मानगे थापणी म्हणतात. ज्यांचा शेजार मगरीशी आहे ते तिला नमस्कार करतात, एवढे ध्यानात घेऊन तिथे कायाक नेऊ नये. माहीतगार नाखव्याच्या मोठ्या होडीत बसावे, हात आत ठेवावेत. ओहोटीला मगर काठावर तोंड उघडून ऊन खात पडलेली असते. तोंड उघडे ठेवते ते अंगातली उष्णता कमी करायला, रागाने नव्हे. काका ‘लाकूड आहे’ असे जाहीर करतील. काकांना त्यांच्या मतासकट होडीच्या मध्यभागी बसवावे.