गेट-परीक्षार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचे नियम (वऱ्हाड प्रांतापुरते)

अभियांत्रिकीची पदवी पदरात पडल्यावर एम. टेक.च्या प्रवेशासाठी फेब्रुवारीत जी 'गेट' नामक परीक्षा द्यावी लागते, तिच्या ताणाचा उगम अभ्यासक्रमात आहे, ही सार्वत्रिक समजूत वऱ्हाडापुरती तरी निराधार होय. आमच्याकडे हा ताण प्रथम वडिलांच्या ठायी उत्पन्न होतो आणि तेथून वारसाहक्काने मुलाच्या नावे दाखल होतो. सबब पुढील कलमे मुलांसाठी असली, तरी ती वडीलधाऱ्यांच्या नजरेस पडतील अशा बेताने भिंतीवर लावावीत.

कलम पहिले : अभ्यास घरी करू नये. अमरावतीस गाडगेनगरात एखाद्या अभ्यासिकेत खुर्ची धरावी, तेथील पंख्याची घरघर, शेजारच्या डब्यातील ठेच्याचा वास आणि टेबलावर डोके टेकून कोणी घेतलेली दुपारची झोप ही सारी विघ्ने, "काहून रे बापा, झालं का पुस्तक?" या अर्ध्या अर्ध्या तासाने होणाऱ्या चौकशीपेक्षा पुष्कळ सौम्य असतात.

कलम दुसरे : वेळापत्रक एकदाच करावे. रंगीत पेनांनी ते तिसऱ्यांदा सुधारणे हा अभ्यास नव्हे.

कलम तिसरे दाखल्यांविषयी आहे, आणि ते जिल्ह्याच्या दुर्दैवाने विस्ताराने लिहिणे भाग आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे होऊन त्याची नोंद गिनेस बुकात झाली, तेव्हापासून बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंतच्या यच्चयावत पितृवर्गाच्या हाती एक अमोघ अस्त्र आले आहे. "रस्ता पाच दिवसात झाला, अन् तुह्यं थर्मोडायनॅमिक्स दिवाळीपासून खोदूनच ठेवलं हाये!" त्या कामावर शेकडो माणसे अहोरात्र पाळ्यांनी राबत होती आणि थर्मोडायनॅमिक्सवर आपण एकटेच आहोत, हे उत्तर वस्तुस्थितीला धरून असले तरी ते उद्धटपणात जमा होते, म्हणून मान डोलवावी आणि भाकरी वाढून घ्यावी.

आता थोडे कामाचे. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एका गुणाच्या प्रश्नात एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नात दोन तृतीयांश कपात होते. परंतु उत्तराचा आकडा स्वतः भरावयाचा असतो त्या प्रश्नांना कपात नाही, तेव्हा ते कोरे सोडणे ही निव्वळ उधळपट्टी होय. सामान्य क्षमतेचे १५ गुण गर्वाने दुर्लक्षू नयेत. आपला कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. पडद्यावरचा, माऊसने टिचकावयाचा, चालवावा लागतो, त्याची तालीम घरीच करावी. जुन्या प्रश्नपत्रिका एका बैठकीत, आणि प्रवेशपत्रावर सकाळची वेळ असेल तर सकाळीच, सोडवाव्यात. एवढेच ऐकण्यासाठी लोक क्लासला पैसे भरतात.

परीक्षेच्या दिवशी वडील सोबत येणारच. त्यास हरकत घेऊ नये. केंद्र अकोल्यास असून पेपर साडेनवाचा असेल, तर अमरावतीहून पहाटे चारला निघण्याचा त्यांचा हुकूम शिरसावंद्य मानावा. प्रवेशपत्राच्या तीन प्रती ते तीन निरनिराळ्या खिशांत ठेवतात आणि फाटकाशी मुलाने मागितल्यावर तिन्ही खिसे दोनदा चाचपतात. मुलगा आत गेल्यावर रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे राहतात, आणि दुपारी तो बाहेर आला की म्हणतात, "मी खाऊन घेतलं." खोटे बोलतो लेकाचा! मी सोबत होतो. एका चहाशिवाय त्याने काही घेतले नाही. पोराला मात्र पेपर कसा गेला हे विचारण्याआधी त्याने केळी काढून दिली.

निकालाचे कलम लहान आहे. हा स्कोअर हजारात मोजतात आणि तो तीन वर्षे चालतो, हे घरात आगाऊ समजावून ठेवावे. उपयोग होत नाही, पण ठेवावे. आमच्याकडे मुलाने सहाशे चाळीस सांगितले, पेढे आले, शेजारी आले, आणि काकाजींनी पेढा तोंडात धरूनच हिशेब मांडला : "हजारापैकी ना? म्हंजे चौसष्ट टक्के. बारावीले तर ब्याऐंशी होते नं बापा?"