मोठ्या बाईची कचेरी

लग्नाचा मुहूर्त जोशीबुवा काढतात हा जो सार्वत्रिक समज आहे, तो निदान परतवाड्यापुरता तरी खोटा होता. जोशीबुवा पंचांग पाहून तिथी सुचवीत. ती कायम करण्याचा अथवा नामंजूर करण्याचा अखत्यार मात्र आमच्या मोठ्या बाईकडे असे, कारण त्या तिथीला तिची कढई दुसऱ्या मांडवात गुंतलेली असली, तर गुरु-शुक्र कितीही अनुकूल असोत, वधूपिता मुकाट्याने पुढची तारीख पाही. मोठी बाई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य येऊन ती माहेरी परतली आणि भावजयांच्या चुलीपाशी मिंधेपणाने बसण्यापेक्षा परक्यांच्या चुलीवर हुकमत गाजवणे तिने पत्करले. याहून अधिक करुणरस आपल्या चरित्रात तिने कधी शिरू दिला नाही.

मांडवामागच्या भट्टीवर राज्य करणाऱ्या अशा बायका वऱ्हाडात गावोगाव होत्या. अमक्याच्या घरी दळण जाड येते, तमक्याची बायको तुपाचा डबा उशाशी घेऊन निजते, ही माहिती त्यांच्याइतकी तपशीलवार तलाठ्याच्या दप्तरातही नसे. मोठ्या बाईला लिहिता येत नसल्यामुळे तिच्या कचेरीतील कारकुनाची जागा अर्थातच माझ्याकडे आली. यजमान बोलणी करावयास आला, की प्रथम त्याची जबानी होई: माणसे किती, त्यांत सोयरे किती, पाहुणे बैलगाडीने येणार की मोटारीने, कारण तिच्या मते बैलगाडीने आलेला माणूस दोन पोळ्या जास्त खातो. मग ती डोळे मिटून किराण्याची यादी सांगे आणि मी उतरवून घेई. एकदा सांगितलेल्या यादीवर अपील नव्हते. तुपाच्या आकड्यापाशी यजमान घुटमळू लागला, तर ती शांतपणे म्हणे, "तूप कमी कराचं असन त मानसंच कमी करा नं बाप्पा." इतके झाल्यावर माणसे कमी करणारा बाप मी पाहिला नाही.

तिचा खरा दरबार भरे तो बहिरमच्या यात्रेत. परतवाड्याहून बैतुलच्या रस्त्याने गेले, की सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाचे ठाणे लागते. डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीअखेरपर्यंत चालणाऱ्या या यात्रेत लोणी-शेंदराने माखलेल्या देवाला नवस फेडावयाचा, आणि मग राहुटीत बसून कोणी हंडीतल्या मटणाचा, तर कोणी रोडग्यांचा समाचार घ्यावयाचा, असा शिरस्ता. रोडग्यांना गव्हाचे पीठ रवाळ लागते. ते घट्ट भिजवून मोठी बाई प्रथम एक लहानशी गोळी करी, ती तेल लावलेल्या पुरीत मिटवी, ती पुरी दुसरीत, दुसरी तिसरीत, आणि शेवटी जो वाटोळा, हाताला जड लागणारा गोळा तयार होई, तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरला, की त्याची कूस केव्हा बदलावयाची हे ती केवळ वासावरून सांगे. भाजलेले रोडगे गोणपाटावर लोळवून त्यांची राख झटकायची, मुठीने दाबून ते फोडायचे, आणि वाफ निघते आहे तोवरच तूप ओतून वांग्याच्या भाजीशी नि वरणाशी वाढायचे. मेळघाटातून उतरणारे सागवान परतवाड्याच्या बाजारात विकले जाते. तेव्हा एका लाकूड-व्यापाऱ्याने मोठ्या औदार्याने गोवऱ्यांच्या ऐवजी सागाचे तुकडे पाठविले असता तिने ती गाडी जशीच्या तशी परत धाडली. "हे पलंग कराचं लाकूड हाय. चुलीत घालशीन त निजशीन कायवर?" हा तिचा लेखी नसला तरी अंतिम निकाल होता.

मीठ चाखून पाहणे ती कमीपणाचे समजे. "ज्याले मीठ चाखा लागते, त्याले सैपाक येत नाई," असे तिचे शास्त्र होते, आणि या शास्त्राचा मूळपुरुष तिच्या मते भीम होता. विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिलेल्या भीमाने कीचकाला मारले आणि चिखलदऱ्याच्या दरीत लोटले, अशी आमच्या मुलखातील श्रद्धा. तेथील भीमकुंडावर त्याने हात धुतले असेही सांगतात. "काम झाल्यावर हात धुतले, म्हंजे आचारीच तो," असा मोठ्या बाईने त्यावर दाखला दिला होता. पुढे कोणा पुणेकर भाचीने कमलाबाई ओगल्यांची 1970 साली निघालेली 'रुचिरा' आणून मोठ्या कौतुकाने वाचून दाखविली. वाटी-चमच्याच्या त्या नेमक्या मापांनी महाराष्ट्रातील कितीतरी नवशिक्या संसारांची अब्रू राखली हे मला मान्य आहे, परंतु मोठी बाई दोन पाने ऐकून गंभीर झाली आणि तिने एवढेच विचारले, "पाचशे मानसाले किती वाट्या लागतीन, सांग बरं?" भाचीने गुणाकार मांडावयास घेतला, तोवर इकडे वरणाला फोडणी बसली होती.

अंजनगावकडची कामे ती शकुंतला गाडीने करी. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनाने धावणाऱ्या, किंवा खरे सांगावयाचे तर चालणाऱ्या, त्या गाडीत मांडीवर झारा घेऊन बसलेली मोठी बाई समोरच्या प्रवाशाची शिदोरी तपासून तीत काय चुकले ते सांगे, आणि तो प्रवासी पुढच्या स्टेशनावर उतरण्याऐवजी ऐकत बसे. पुरुष आचाऱ्याची बिदागी शेला-नारळासह ओसरीवर देण्याची आणि सैपाकिणीची मागल्या दाराने सरकविण्याची जी रीत मोठमोठ्या सुशिक्षित घरांतही होती, ती तिने मानली नाही. ती सरळ ओसरीवर येऊन पाहुण्यांच्या देखत ठाण मांडून बसे. माझ्यावरची तिची माया मात्र पूर्णतः बेकायदेशीर होती. रोडगा फोडला असता मधली जी गोळी सर्वांत मऊ आणि तुपाने ओथंबलेली निघते, तशा दोन-चार ती पदरात बांधून आणी आणि मध्यरात्री मला उठवून शिव्या देत खाऊ घाली. सबंध हयातीत तिने केलेला एवढाच काय तो अपहार. आणि कारकून या नात्याने मी त्याची नोंद कधी केली नाही.

ती गेली तेव्हा मालमत्ता म्हणून दोन कढया, एक झारा आणि माझ्या हस्ताक्षरातील येणे बाकीची वही निघाली. कढयांवरून आणि झाऱ्यावरून तिच्या शिष्यिणींत जे रण माजले ते अद्याप मिटलेले नाही. तिच्या तेरवीला गावातील एक सधन गृहस्थ सर्वांदेखत गहिवरून आले, तिला साक्षात अन्नपूर्णा म्हणाले, आणि वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. वहीत त्यांच्या नावावर दोन लग्ने आणि एक मुंज बाकी आहे.