कुणाला बोलू नका

लिफ्टचं दार बंद झालं की आमचे नाना आवाज उतरवतात. "लंडनच्या एजंटचा मेल आलाय. अख्खं हस्तलिखित मागवलंय. पण सध्या कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. गरजच पडली नाही. संध्याकाळी इस्त्रीवाल्यानं मलाच विचारलं, "नानांचं लंडनचं जमलं का?" पुढे एका तेराव्याच्या पंगतीत नाना गुरुजींच्या कानाला लागले, आणि गुरुजींनी "छे छे, बोलणार नाही" अशी मान हलवलेली मी स्वतः पाहिली.

नानांची नोकरी एस.टी.च्या डेपोत झाली, कादंबरी मात्र इंग्रजीत. मराठीत लेखक बाड काखोटीला मारून स्वतःच प्रकाशकाचा जिना चढतो. नानांना तो जिना नको होता. "मुंबईत जन्मलेल्या किपलिंगलासुद्धा लंडनचा एजंट ए. पी. वॉट लागला," असं ते सांगतात तेव्हा वाटतं, वॉटच्या यादीत किपलिंगनंतर नानांचाच नंबर होता.

त्यांच्याकडे एक वही आहे. डेपोतल्यासारखे रकाने आखलेले: एजंट, पत्र पाठवल्याची तारीख, पहिली तीन प्रकरणं, पूर्ण, शेरा. नकार आला की शेऱ्यात लाल शाईनं 'सौजन्यपूर्ण'. उत्तरच आलं नाही तर 'विचाराधीन'. ती वही त्यांनी मला दाखवली. अर्थात, कुणाला बोलू नका या अटीवर.

एका महाभागानं 'वाचनाची फी' मागितली, तेव्हा मला वाटलं आता नाना बुडाले. पण माणूस एस.टी. युनियनमध्ये मुरलेला. "खरा एजंट आधी दमडी मागत नाही. पुस्तक विकलं तर लेखकाच्या कमाईतले 15 टक्के, परदेशी हक्कांवर 20. चला, फुटा!" हे मात्र त्यांनी जिन्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मग एकीनं खरंच होकार कळवला. नानांनी लगेच हो म्हटलं नाही. ज्यांच्याकडे हस्तलिखित पडून होतं त्या बाकीच्यांना रीतसर कळवलं, दोन आठवड्यांची मुदत दिली. तिला विचारलं, करार मोडायचा झाला तर नोटीस किती दिवसांची? बदल कोणते सुचवणार? माझी पुढची पुस्तकंही बघणार, की एवढं एकच? मुलीचं लग्नसुद्धा नानांनी इतक्या चौकशीनं ठरवलं नव्हतं.

त्या मुदतीत त्यांनी मला एक प्रकरण वाचायला दिलं. मुक्कामी गाडी, गावाबाहेर वडाखाली. कंडक्टर आतल्या मिणमिणत्या दिव्यात तिकिटांच्या पेटीवर चिल्लरीच्या चळती लावतोय, एक रुपया कमी पडतोय, पुन्हा पहिल्यापासून मोजतोय. बाहेर ड्रायव्हर त्याच्यासाठी भाकरी झाकून बसलाय. च्यायला, चांगलं लिहिलंय की! मी नानांना "बरंय" एवढंच म्हणालो.

पुढे सगळं शांत. लिफ्टमध्ये नाना पावसाबद्दल बोलू लागले. वहिनी विरजण मागायला आल्या तेव्हा कळलं, करारावर सही होऊन आठवडा उलटला. नानांना गाठलं, तर ते मजल्यांचे आकडे बघत पुटपुटले, "एजंट मिळाला हो. प्रकाशक मिळायचाय अजून."

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या गळतीवर खडाजंगी चालू असताना मी हळूच शेजाऱ्याकडे सरकलो. म्हटलं, "नानांचं जमलं. पण कुणाला बोलू नका."