चाकांवरचं घर, उशाशी मांजर
राज्य सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि हौशी मंडळींनी चाकांवर बिऱ्हाड थाटलं. निसर्गाच्या कुशीत जायचं, पण कुशीत एसी आणि कमोड हवाच! सोबत लोकरीचे गुंडे. ऐन मे महिन्यात अलिबागला स्वेटर विणायला. अंथरायला धावदोऱ्याची गोधडी, ‘हँडमेड क्विल्ट’ म्हणून चार हजारांना आणलेली. आजीची मऊसूत लुगडी कधीच बोहारणीकडे गेली, एका स्टीलच्या पातेल्यावर. त्यातल्या त्यात शहाणी मांजर. ती गोधडीवर ऐसपैस पसरते, नखाने दोन टाके उसवते आणि समुद्राकडे ढुंकूनही बघत नाही. पुढच्या वेळी तिला घरीच ठेवा, मांजरांना जागाबदल सोसत नाही. गोधडीही तिच्यापाशीच राहू द्या.